मोरदांडची आडवी वाट

"कुलथेसाहेब, मला एकदा तुमच्याबरोबर न्याल का?"

भांबरेकाकांनी हे मशीनवरून मान वर न करता विचारलं. त्यांच्या मांडीवर माझी सॅक पोट फाडल्यासारखी उलटी पसरली होती आणि ते तळाच्या कापडाला आतून ठिगळ लावत होते.

"कुठे न्यायचं काका?"

"ही जाते तिथं. डोंगरावर."

मी हसलो. भद्रकालीच्या गल्लीत एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक मशीन, एक पत्र्याची पेटी आणि छतापर्यंत लटकलेल्या लोकांच्या बॅगा. अकरा वर्षांपूर्वी मी ही सॅक घेतली, ती कुठल्याच नावाच्या कंपनीची नव्हती. नोकरी नवी होती, स्वस्तातली मिळाली ती घेतली. दोन वर्षं टिकली तर खूप, असं विकणाराच म्हणाला होता. ती टिकली ती काकांमुळे. पहिल्याच वर्षी तळ उसवला. मग चेनचे रनर गेले. खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्यांना दुसऱ्याच कुठल्या तरी बॅगांची बकलं लागली. मूळचा मरून रंग उडून जुन्या विटेसारखा झाला होता. बाकी दुकानदार सॅक बघून "नवी घ्या" म्हणायचे. काका कधी म्हणाले नाहीत. फक्त गेली काही वर्षं आठ दिवस लावायचे. साध्या पट्ट्यालाही आठ दिवस.

"या वयात दम लागेल तुम्हाला," मी म्हणालो.

"चौसष्टचा आहे. थांबत थांबत जाऊ."

"मग रामशेजला जाऊ. सोपा आहे."

"मोरदांडला जायचंय."

मशीन थांबलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. मोरदांड हे नाव डोंगर चढणाऱ्यांखेरीज फारसं कोणाला माहीत नसतं.

"तो सोपा नाही काका. मधे आडवी वाट आहे. कातळातली."

"माहीत आहे," ते म्हणाले आणि पुन्हा पायडल मारायला लागले.

तुम्हाला कसं माहीत, असं मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मी तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होतो आणि गेली पाच वर्षं एकटाच डोंगरात जात होतो. आधी आमचा सात जणांचा गट होता. कोणाची बदली झाली, कोणाला मुलं झाली, आणि गट विरघळला. त्यातल्या कोणाशी माझं बिनसलं नव्हतं. बिनसायला काहीतरी बोलावं लागतं. चित्रा, माझी बायको, चार वर्षांच्या संसारानंतर नागपूरला माहेरी गेली ती परत आली नाही. जाताना "तुझ्याशी भांडताही येत नाही," एवढंच म्हणाली. मी त्यावरही मान डोलावली होती. सरकारी खात्यात आरेखक होतो, दिवसभर कालव्यांचे नकाशे काढायचे. संध्याकाळी खोलीवर कुलूप उघडलं की आतला वास तसाच्या तसा असायचा, सकाळी ठेवून गेलेला. रविवारी सॅक पाठीला लावली की तेवढा एक दिवस निघून जायचा.

काकांना नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. म्हणून मी हो म्हणालो.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही पहाटेची पहिली एसटी धरली. काकांनी नवे कॅनव्हासचे बूट घातले होते आणि डोक्याला मफलर गुंडाळला होता. आंबेपाड्याला उतरलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. मी सॅक पाठीवर घ्यायला लागलो तर त्यांनी पट्टा धरला.

"आज ही माझ्याकडे द्या."

"अहो जड आहे."

"जडच पाहिजे. आणखी बाटल्या आहेत ना रिकाम्या? त्या पण भरून घ्या."

"एवढं पाणी कशाला लागेल?"

"घ्या हो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, त्यामुळे मी पाड्यावरच्या हापशावर चारही बाटल्या भरल्या. त्यांनी सॅक पाठीवर घेतली, दोन्ही पट्टे खेचून बघितले, खांदे हलवून ओझं बसवलं. इतकी वर्षं ती सॅक त्यांच्या हातात मी पाहिली होती, पाठीवर कधीच नाही. माणूस एकदम लहान दिसायला लागला.

हापशावर एक म्हातारी हंडा भरत होती. "बाबाला कुठं नेतो रं?" तिनं मला विचारलं.

"वर. मोरदांडला."

"जपून ने. आडव्या वाटेला मागं एक पोरगं पडलं व्हतं."

"कुठं नेमकं?" हे काकांनी विचारलं.

तिनं हंडा खाली ठेवला आणि डोंगराच्या कमरेकडे बोट दाखवलं. "त्यो पांढरा डाग दिसतोय ना कातळावं? त्याच्या अंमळ अलीकडं."

काका बराच वेळ त्या पांढऱ्या डागाकडे बघत राहिले. मग चालू लागले.

दोन तास आम्ही चढत होतो. खाचरं सुकली होती, करवंदीच्या जाळ्यांवर धूळ होती. काका दर दहा मिनिटांनी थांबायचे, गुडघ्यावर हात ठेवून श्वास घ्यायचे, पण सॅक द्यायला तयार नव्हते. मी पुढे जायचो, थांबायचो. कोणाच्या तरी पावलांसाठी थांबायची सवय माझी मोडली होती. मागे कोणीतरी येतंय हा आवाज मला आधी नकोसा वाटला. खिंडीत पोचेपर्यंत मी तो कान देऊन ऐकत होतो.

खिंडीत वारा होता. काकांनी फडक्यातली भाकरी काढली, ठेचा काढला. माझ्या हातावर अर्धी भाकरी ठेवली आणि म्हणाले, "ते पोरगं माझ्याकडे आलं होतं."

"कोण?"

"निनाद जोर्वेकर. नाव नंतर कळलं. सहा वर्षं झाली. शनिवारी संध्याकाळी दुकान बंद करत होतो, तर धावत आला. खांद्याचा पट्टा मुळातून निघाला होता. म्हणाला, काका, उद्या सकाळची गाडी आहे, अर्ध्या तासात द्या. कापड कुजलं होतं साहेब. नुसता टाका धरणार नव्हता. आतून ठिगळ लावायला हवं होतं, दुहेरी. पण त्याला तेवढा वेळ नव्हता आणि मलाही घरी जायचं होतं. काळा दोरा संपला होता, तर पिवळ्या दोऱ्यानं शिवला. वरून झ्याक दिसत होता."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"महिन्याभरानं दोन पोरं आली बॅग घेऊन. आपसात बोलत होती. मोरदांडला पट्टा तुटला म्हणून निनाद गेला. मागून चालणाऱ्यानं बघितलं म्हणे. आमचं सगळ्यांचं सामान त्याच्याकडेच दिलं होतं, असं एक जण म्हणत होता आणि रडत होता. दुसरा म्हणाला, पट्टा पिवळ्या दोऱ्यानं शिवलेला होता, तिथंच उसवला. त्यांना माहीत नव्हतं तो कोणी शिवला. मी त्यांची बॅग घेतली. आठ दिवसांनी या म्हणालो."

मला काय बोलावं कळेना. खरं म्हणजे मला लगेच कळलं. अशा वेळी काय बोलायचं ते मला नेहमीच लगेच कळायचं.

"काका, असं काही नसतं. पाय घसरला असेल. डोंगरात हे होतं."

"तेच बघायला आलोय," ते म्हणाले. "तुम्ही जाणकार आहात. जागेवर उभे राहा आणि मला सांगा. पट्टा तुटला म्हणून माणूस तिथून जाईल का?"

आडवी वाट साधारण चाळीस पावलांची आहे. डाव्या हाताला कातळ, त्यात हात घालायला खोबण्या. पायाखाली दीड वीत रुंदीची कड, तीवर बारीक खडी. उजव्या हाताला काही नाही. मी तिथून दहा-बारा वेळा गेलो असेन. मी पुढे झालो, काकांना म्हणालो, माझा पाय जिथे तिथेच पाय ठेवा. ते मुकाट्यानं येत होते.

पांढऱ्या डागाच्या अलीकडे वाट जरा बाहेर फुगते. तिथे कातळाचं एक पोट पुढे आलंय, त्याला वळसा घालताना अंग बाहेर काढावं लागतं. ते ओलांडून मी पलीकडच्या रुंद जागी उभा राहिलो आणि वळलो. काका त्या पोटाच्या अलीकडेच, माझ्यापासून हाताच्या अंतरावर थांबले होते.

"इथंच ना?"

"हो, इथेच असेल."

"मग सांगा."

"नाही काका. पट्ट्याचा काही संबंध नाही. इथे पट्टा तुटला तरी माणूस सावरू शकतो."

मी हे त्यांच्याकडे बघून, शांतपणे म्हणालो. ते माझ्याकडे बघत राहिले.

"तुम्ही बघितलं कुठं?"

"म्हणजे?"

"जागा बघितलीत कुठं? खाली बघितलं नाही, वर बघितलं नाही. माझ्या तोंडाकडे बघून सांगितलंत."

आणि मग त्यांनी ते केलं. डावा हात खोबणीत होता. उजव्या हातानं त्यांनी खांद्यावरच्या पट्ट्याचं बकल उचललं. ते बकल त्यांनीच बसवलेलं होतं, कसं सुटतं ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. पट्टा सरकन सुटला. चार बाटल्यांचं ओझं एका खांद्यावर आलं आणि सॅक पाठीवरून बाहेरच्या बाजूला फिरली.

त्यांचा आवाज आला नाही. फक्त खडी घसरल्याचा आवाज आला. त्यांचं अख्खं अंग दारासारखं बाहेर उघडलं, एक पाय सुटला, आणि मी एका हातानं कातळ धरून दुसऱ्या हातानं त्यांचा शर्ट आणि त्यात आलेला सॅकचा कमरेचा पट्टा पकडला. त्या पट्ट्याचं बकल सुटलं असतं तर आज मी हे सांगत नसतो. ते सुटलं नाही. मी त्यांना कातळावर दाबून धरलं. मफलर सुटून खाली गेला. तो कातळाला लागला तो खूप वेळानं, असं मला वाटलं.

कसंबसं त्यांना पलीकडे आणलं. दोघंही खाली बसलो. त्यांच्या कोपरातून रक्त येत होतं आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"ओढतं," ते म्हणाले. "सावरायला वेळच मिळत नाही. ओढतं."

"वेड लागलंय का तुम्हाला!" मी ओरडलो. कित्येक वर्षांत मी कोणावर ओरडलो नव्हतो. "मेला असतात! मला घेऊन मेला असतात!"

"मग खरं का नाही सांगितलं?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून!"

"मला बरं वाटायला मी एवढं चढून आलो का?" ते म्हणाले. रागानं नाही. खरोखर विचारत होते. "सगळ्यांशी असंच बोलता का तुम्ही?"

वारा होता, ऊन होतं, खाली पाड्यावर कोणीतरी बैलांना हाकत होतं आणि ते स्वच्छ ऐकू येत होतं. बऱ्याच वेळानं मी सॅक उचलली आणि माझ्या पाठीवर घेतली. आम्ही माथ्यावर गेलोच नाही. परतताना त्या जागी मी त्यांचा हात धरला होता.

एसटीत ते खिडकीशी बसले होते. नाशिक जवळ आल्यावर म्हणाले, "त्याच्या वडलांना सांगायचंय मला. पत्ता काढून द्या."

"काका, सहा वर्षं झाली. त्यांनी कसंबसं सावरलं असेल. आता उगाच..."

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

पत्त्यासाठी मला जुन्या गटातल्या प्रभुदेसाईला फोन करावा लागला. चार वर्षांत बोललो नव्हतो. तो आधी हसला, मग म्हणाला, "कुलथ्या, जिवंत आहेस होय!" त्याला निनादचे मित्र माहीत होते. जोर्वेकर निवृत्त शिक्षक, गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला राहतात, पहिला मजला. फोन ठेवताना तो म्हणाला, "कधीतरी ये." मी "येतो" म्हणालो, नेहमीसारखं.

बुधवारी ऑफिस सुटल्यावर मी काकांना स्कूटरवर बसवून घेऊन गेलो. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कोपराला पट्टी होती.

"मी खाली थांबतो," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले आणि कठडा धरून एकटेच वर गेले.

मी स्कूटरला टेकून उभा राहिलो. समोर एक बाई वाळलेले पापड गोळा करत होती. वरून मोठा आवाज येईल, दार आपटेल, काका धडपडत खाली येतील, असं मला वाटत होतं. काहीच ऐकू येईना. पाऊण तास गेला. आपण निघून जावं, काकांना रिक्षा मिळेल, असंही मनात आलं. मी किल्ली काढलीसुद्धा.

"तुम्ही कुलथे का?"

गॅलरीत एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ उभे होते. जाड चष्मा, अंगात बंडी.

"वर या."

खोलीत कॉट, टेबल, पुस्तकांचं कपाट. भिंतीवर फोटो असेल असं मला वाटलं होतं, पण नव्हता. काका खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. त्यांच्या पुढचा चहा तसाच होता. जोर्वेकर सरांनी मला बसा म्हटलं नाही. दार लावून ते माझ्यासमोर उभे राहिले.

"हे म्हणतात, पट्टा यांनी कच्चा शिवला आणि त्यामुळे निनाद पडला. पट्ट्याचं मला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. मुलं म्हणायची, पाय घसरला. कसा घसरला विचारलं की माना खाली घालायची. त्याची सॅकसुद्धा आमच्याकडे कोणी आणून दिली नाही." ते थांबले. "तुम्ही ती जागा पाहिलीय. या क्षेत्रातले आहात. हे म्हणतात ते खरं असू शकतं?"

माझ्या तोंडाशी वाक्य तयार होतं. एवढ्या वर्षांनी कोणी काय सांगणार सर, दैवात असतं ते होतं. काका जमिनीकडे बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"हो," मी म्हणालो. "असू शकतं."

"नीट सांगा."

मग मी नीट सांगितलं. कड किती रुंद आहे, कातळ कुठे पुढे येतो, अंग कसं बाहेर काढावं लागतं. ओझं एका खांद्यावर आलं की ते कसं फिरतं. "रविवारी माझ्या डोळ्यांसमोर हे होता होता वाचलं," मी म्हणालो. "सावरायला वेळ मिळत नाही. त्याचा पाय आधी घसरला की पट्टा आधी गेला, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण मागच्या मुलानं पट्टा तुटताना बघितला असेल, तर तो पट्ट्यामुळेच पडला."

"पडला," सर म्हणाले.

"हो."

"म्हणजे, पडला. स्वतःहून नाही."

मला एकदम समजलं नाही. काकांनी मान वर केली.

सरांनी चष्मा काढून हातात धरला. "दुसऱ्यांदा नापास झाला होता. आदल्या दिवशी दुपारी मी त्याला म्हणालो, पुन्हा मला तोंड दाखवू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी तो न खाता, न बोलता गेला." ते बोलता बोलता कॉटवर बसले. "लोक समजूत घालायला यायचे. त्याला काही कळलंही नसेल, म्हणायचे. सगळे फार जपून बोलायचे. मला वाटलं, सगळ्यांना माहीत आहे आणि माझ्यापासून लपवताहेत. सहा वर्षं मला वाटतंय की त्यानं..."

"नाही सर," मी म्हणालो. "ज्याला उडी मारायची असते तो माणूस आदल्या संध्याकाळी पट्टा शिवून घ्यायला धावत जात नाही."

हे मी समजूत घालायला म्हणालो नव्हतो. ते तसंच होतं.

सर भांबरेकाकांकडे वळले. मला वाटलं, आता ते त्यांचा हात धरतील, जाऊ द्या म्हणतील.

"तुम्ही सहा वर्षं उशीर केलात," ते म्हणाले.

"हो," काका म्हणाले.

"यायला हवं होतं तुम्ही."

"हो."

कोणी रडलं नाही. आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. सर उठले, चष्मा घातला, आणि आतल्या दाराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली.

"कुमुद, बाहेर ये."

पदराला हात पुसत एक बारीक चणीची बाई, निनादची आई, दारात येऊन उभी राहिली. तिनं आधी काकांकडे, मग माझ्याकडे बघितलं. आमच्यासारखी माणसं त्या घरात कशासाठी येतात हे तिला पाठ असावं. तिचा चेहरा आधीच ऐकून न ऐकल्यासारखा झाला होता.

"बस," सर तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, शिक्षक म्हणतात तसं म्हणाले, "हिला सांगा. काही गाळू नका."

त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी बसलो, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.